शिकागो: जेझुइट विद्यापीठ की राज्याचे स्वस्त विद्यापीठ? मुलीच्या प्रवेशाविषयी सल्ला हवा आहे

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिल येथे राहतो. आमची मोठी मुलगी यंदा बारावी पूर्ण करत असून येत्या ऑगस्टपासून तिचे कॉलेज सुरू होईल. तिला जीवशास्त्र घेऊन पुढे वैद्यकीय शिक्षणाकडे जायचे आहे. शिकागो शहरातच राहायचे असा तिचा हट्ट असल्यामुळे राज्याच्याच अर्बाना-शँपेन येथील विद्यापीठात तिने अर्ज केला नव्हता. आता तिच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला लोयोला युनिव्हर्सिटी शिकागो, म्हणजे १८७० साली जेझुइट (कॅथॉलिक येशूसंघाच्या) धर्मगुरूंनी स्थापन केलेले खासगी कॅथॉलिक विद्यापीठ. दुसरा युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय शिकागो, म्हणजे सगळे ज्याला यूआयसी म्हणतात ते राज्याचे विद्यापीठ. यूआयसीच्या जीपीपीए योजनेतून, म्हणजे बारावीनंतरच वैद्यकीय जागेची हमी देणाऱ्या योजनेतून, तिची निवड झाली नाही. त्यामुळे दोन्हीकडे पुढची वाट सारखीच आहे: चार वर्षे पदवी, एमकॅट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा, आणि मग नव्याने अर्ज.

पैशांचे चित्र असे आहे. लोयोलाचा सगळा खर्च धरून वर्षाला सुमारे ७६,००० डॉलर होतात, त्यातले शिक्षण शुल्क सुमारे ५५,०००. त्यांनी मुलीला वर्षाला २७,००० डॉलरची गुणवत्ता शिष्यवृत्ती देऊ केली आहे, म्हणजे आमच्या खिशातून ४९,००० जातील. यूआयसीचे शुल्क इलिनॉयचे रहिवासी म्हणून सुमारे १७,००० डॉलर होईल, आणि ती घरून ये-जा करणार असेल तर गाडीभाडे, पुस्तके व दुपारचे जेवण धरून २१,००० पर्यंत भागेल. आमच्या उत्पन्नामुळे गरजेवर आधारित मदत कुठूनच मिळत नाही. फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज, भरून पाहिला, पदरात काही पडले नाही. मुलीच्या नावाने ब्राइट स्टार्टच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) १,१०,००० डॉलर जमले आहेत. धाकटा मुलगा आठवीत आहे, हेही लक्षात ठेवावे लागते.

दुसरा प्रश्न धर्माचा. लोयोलात धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय सर्वांनाच घ्यावे लागतात. आमचे घर फार कर्मठ नाही, परंतु गणपती, श्रावण, आषाढी हे सगळे घरात आहे आणि मुलीला त्याची गोडीही आहे. सांगलीहून सासूबाईंचा रोज फोन येतो आणि ‘पोरीला पाद्र्यांच्या हाती देऊ नका’ असे त्या निक्षून सांगतात. मला स्वतःला ती भीती वाटत नाही, पण तिथे चार वर्षे राहिल्याने नेमका काय फरक पडतो हे मला ठाऊक नाही. मुलगी लोयोलाचा परिसर पाहून आली तेव्हापासून मिशिगन सरोवराच्या काठावरच्या त्या इमारतींखेरीज दुसरे काही बोलत नाही. १ मेपर्यंत निर्णय कळवायचा आहे. अनुभवी लोकांनी मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

हिशेबनीस

मृण्मयीताई, धर्माचा भाग इतर लोक सांगतील. मी फक्त आकड्यांविषयी लिहितो, कारण तुमच्या मांडणीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

तुम्ही वसतिगृहासह लोयोलाची तुलना घरून ये-जा करण्याच्या यूआयसीशी करत आहात. चार वर्षांचे पहिले १,९६,००० होतात आणि दुसरे ८४,०००, म्हणजे अंतर १,१२,००० दिसते. परंतु यूआयसीतही वसतिगृह घेतले आणि त्याचे वर्षाला १५,००० धरले, तर तिथला खर्च ३२,००० च्या आसपास जाऊन चार वर्षांचे सव्वा लाखाच्या थोडे वर होतात, आणि अंतर ६८,००० वर येते. म्हणजेच तुमच्या फरकातला ४४,००० चा वाटा खासगी-सरकारीचा नाही आणि धर्माचा तर मुळीच नाही. तो मुलीने घरी राहायचे की बाहेर, याचा आहे. हा प्रश्न आधी वेगळा काढून घरात सोडवा, नाहीतर लोयोलावर वाद घालता घालता तुम्ही प्रत्यक्षात वसतिगृहावर वाद घालत राहाल.

आता वाढीविषयी. इलिनॉयमध्ये २००४ पासून असा कायदा आहे की राज्याच्या विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या रहिवासी विद्यार्थ्याचा मूळ शिक्षण शुल्काचा दर सलग चार वर्षे तोच राहतो. यूआयसीला तो लागू आहे. वसतिगृह आणि इतर शुल्के त्यात येत नाहीत, ती वाढू शकतात, पण मुख्य आकडा बांधलेला असतो. खासगी विद्यापीठाला असे कोणतेही बंधन नाही. तिथे शुल्क दरवर्षी वाढते आणि शिष्यवृत्ती मात्र डॉलरमध्ये ठरलेली असल्यामुळे आहे तेवढीच राहते. पूर्ण वाढ पालकाच्या अंगावर येते. ५५,००० वर वर्षाला ४ टक्के वाढ धरली तर दुसऱ्या वर्षी २,२००, तिसऱ्या वर्षी ४,५०० च्या जवळपास आणि चौथ्या वर्षी ६,९०० च्या जवळपास जास्त द्यावे लागतील, मिळून सुमारे १३,५००. म्हणजे लोयोलाचा खरा आकडा २,१०,००० धरा, आणि त्यात वसतिगृहाची वाढ अजून धरलेलीच नाही.

तुमच्याकडे १,१०,००० आहेत. घरून यूआयसी केल्यास सगळे भागून २५,००० च्या आसपास शिल्लक राहतात. लोयोला केल्यास १,००,००० कमी पडतात. मुलीला स्वतःच्या नावावर केंद्र सरकारचे पदवीचे कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि नंतर दोन वर्षे ७,५०० असे मिळून २७,००० पर्यंतच मिळते. उरलेले तुमच्या पगारातून किंवा पालकांच्या कर्जातून येणार. पालकांसाठीच्या पेरेंट प्लस कर्जाला १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० अशी मर्यादा लागू होत आहे. म्हणजे ‘बघू, लागले तर कर्ज काढू’ हा मार्ग पूर्वीइतका रुंद राहिलेला नाही.

आणखी एक. खासगी विद्यापीठाची छापील किंमत फारसे कोणी भरत नाही. २७,००० ची सूट ही तिथल्या व्यवहाराची नेहमीची रीत आहे, तुमच्या मुलीवर केलेली मेहेरनजर नव्हे. तिचा आनंद मुलीला घेऊ द्या, पण ‘एवढी मोठी शिष्यवृत्ती सोडायची कशी’ या भावनेने निर्णय घेऊ नका. सोडण्यासारखे तेव्हाच काही असते, जेव्हा सूट वजा जाता उरलेली रक्कम दुसऱ्या पर्यायापेक्षा कमी असते.

पापडीकर

मी वसईचा मराठी कॅथॉलिक. त्यामुळे या चर्चेत दोन्ही बाजूंनी बोलण्याचा थोडा अधिकार मला असावा.

सासूबाईंपासून सुरुवात करतो. मृण्मयीताई, त्यांना सांगा की मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ पासून याच येशूसंघाच्या धर्मगुरूंचे आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्या हिंदू, पारशी आणि मुसलमान घरांतल्या मुलामुलींच्या पिढ्या आपापल्या देवासह घरी परत आल्या. लोयोलाचा संघ तोच, शिक्षणाची परंपराही तीच. अमेरिकेत जेझुइटांची सत्तावीस विद्यापीठे व महाविद्यालये आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही ठिकाणी विद्यार्थ्याने कॅथॉलिक असावे किंवा मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जावे अशी अट नाही. जॉर्जटाउन हे १७८९ सालचे, देशातले सर्वांत जुने कॅथॉलिक विद्यापीठ; तिथे २०१६ पासून हिंदू विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र हिंदू धर्मोपदेशक नेमलेला आहे. लोयोलातही हिंदू विद्यार्थ्यांची संघटना आहे. मुलीने परिसर पाहिला, तेव्हा त्या मुलांशी बोलली होती का, हे विचारा. प्रवेश कार्यालयाच्या माहितीपत्रकापेक्षा त्या संभाषणातून जास्त कळेल.

मात्र ‘धार्मिक कॉलेज’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या संस्था येतात, हे तुमच्या परिसरातच दिसेल. नेपरव्हिलमध्येच असलेले नॉर्थ सेंट्रल कॉलेज युनायटेड मेथडिस्ट चर्चशी संलग्न आहे, पण तिथल्या विद्यार्थ्याच्या दिनक्रमात ते क्वचितच जाणवते. शेजारच्या लाइलमधले बेनेडिक्टाइन विद्यापीठ मठवासी संघाचे आहे. डीपॉल हे १८९८ साली व्हिन्सेंटियन धर्मगुरूंनी स्थापलेले विद्यापीठ असून विद्यार्थिसंख्येने देशातले सर्वांत मोठे कॅथॉलिक विद्यापीठ मानले जाते. आणि तुमच्यापासून थोड्याच अंतरावर व्हीटन कॉलेज आहे. ते इव्हँजेलिकल पंथाचे. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला वर्तनाविषयीचा एक करार मान्य करावा लागतो आणि प्राध्यापकांना श्रद्धेच्या निवेदनावर दरवर्षी सही करावी लागते. तुमची मुलगी तिथे जाणार असती तर मी वेगळे पत्र लिहिले असते. नोत्र दाम विद्यापीठ कॅथॉलिकच, पण जेझुइट नव्हे. तिथे मुलामुलींची वसतिगृहे वेगळी आहेत आणि रात्री ठरावीक वेळेनंतर एकमेकांच्या इमारतीत थांबता येत नाही. शहरातल्या जेझुइट विद्यापीठांचे वातावरण त्या मानाने बरेच सैल असते.

तरीही काही फरक पडत नाही, असे मी म्हणणार नाही. कॅथॉलिक विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात गर्भनिरोधक साधने सहसा दिली जात नाहीत, आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या आईने हे आधी माहीत करून घेतलेले बरे. शहरात इतरत्र सर्व सोयी आहेत, पण त्या शोधाव्या लागतात. दुसरे म्हणजे, अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते. यूआयसी सरकारी असल्यामुळे तिथे भाषणाचे, निदर्शनांचे आणि धर्माचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याला घटनेनेच मिळते. खासगी विद्यापीठात ते विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांतून मिळते आणि तेवढेच मिळते. मुलीला संघटना, मोर्चे, विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र यांची आवड असेल तर नियमावलीचे ते पान वाचून घ्यावे. बहुतेक पालक वाचत नाहीत.

आमच्या घरी उलटी काळजी होती, हे जाता जाता सांगतो. मुलगा अर्बानाला, म्हणजे सरकारी विद्यापीठात गेला, आणि वसईत पापडीला आमची आई धास्तावली, की आता हा मिस्सा सोडणार. प्रत्यक्षात अर्बानाला सेंट जॉन्स न्यूमन सेंटर हे कॅथॉलिक विद्यार्थ्यांचे केंद्र आहे, त्याला जोडून विद्यार्थ्यांचे वसतिगृहही आहे आणि मुलगा तिथेच राहिला. यूआयसीलाही न्यूमन सेंटर आहे. म्हणजे ज्याला धर्म हवा, त्याला तो सरकारी विद्यापीठाच्या दारातही मिळतो, आणि ज्याला नको, त्याच्या मागे जेझुइट लागत नाहीत. म्हणून आम्ही कॅथॉलिक असूनही केवळ नावाकरिता जास्त पैसे मोजले नाहीत. तुम्ही तर कॅथॉलिकही नाही.

अदिती

काकू, मी मध्य-पश्चिमेतल्या एका जेझुइट विद्यापीठातून जीवशास्त्राची पदवी घेतली, नंतर एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आता रेसिडेन्सी करते आहे. त्यामुळे तुमच्या मुलीच्या बाजूने काही सांगावेसे वाटते.

धर्मशास्त्राच्या तासाची भीती अनाठायी आहे. तो विषय म्हणजे प्रश्नोत्तरे पाठ करण्याचा वर्ग नसतो. ग्रंथ वाचायचे, त्यांतला युक्तिवाद समजून घ्यायचा आणि आपले म्हणणे निबंधात मांडायचे. मी पहिल्या सत्रात संत ऑगस्टिन वाचला आणि दुसऱ्या विषयात आशियातील धर्म निवडले, तेव्हा गीतेवर इतके बारकाईने बोलण्याची वेळ माझ्यावर घरी कधीच आली नव्हती. परंतु हेही लक्षात घ्या की या अनिवार्य विषयांना वेळ लागतो. बॉस्टन कॉलेजसारख्या ठिकाणी दोन विषय धर्मशास्त्राचे आणि दोन तत्त्वज्ञानाचे असतात. प्री-मेडच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीच्या, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि प्रयोगशाळांच्या जोडीला ते बसवताना सत्रे भरून जातात. वाचनाची आवड असलेल्या मुलीला ते आवडतील. जिला फक्त विज्ञान हवे, तिला ओझे वाटेल. तुमची मुलगी कोणत्या प्रकारची आहे हे तुम्हालाच ठाऊक.

प्री-मेडसाठी खासगी विद्यापीठ चांगले, हे सरसकट खरे नाही. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचा वर्ग आमच्याकडेही मोठाच होता. फरक जाणवला तो तिसऱ्या वर्षी, शिफारसपत्रांच्या वेळी. मला नावाने ओळखणारे प्राध्यापक होते आणि पत्रे मिळवण्यासाठी कोणाचे उंबरठे झिजवावे लागले नाहीत. मोठ्या सरकारी विद्यापीठात हे जमते, पण विद्यार्थ्याने स्वतः जाऊन प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळी बसावे लागते, प्रयोगशाळेत काम मागावे लागते. लाजाळू मुलांचे तिथे नुकसान होते.

दुसऱ्या बाजूला यूआयसीची एक जमेची गोष्ट कोणी अजून लिहिलेली नाही. तिचा पश्चिमेकडचा परिसर इलिनॉय मेडिकल डिस्ट्रिक्टमध्ये आहे. विद्यापीठाचे स्वतःचे रुग्णालय, रश, काउंटीचे स्ट्रोजर आणि माजी सैनिकांचे जेसी ब्राउन, ही सगळी रुग्णालये तिथे एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जात डॉक्टरांसोबत काढलेला वेळ, रुग्णसेवा आणि संशोधन यांना फार महत्त्व असते, आणि दोन तासांच्या मधल्या सुट्टीत चालत रुग्णालयात जाता येणे ही साधी सोय नव्हे. लोयोलाचे स्ट्रिच मेडिकल स्कूल नावाजलेले आहे, पण ते मेवुडला आहे. सरोवराच्या काठावरच्या परिसरातून तिथे जायचे म्हणजे शहर ओलांडून पश्चिमेच्या उपनगरात जाणे. पदवीसाठी लोयोलाला गेल्याने स्ट्रिचमध्ये जागा मिळते, असाही समज करून घेऊ नका.

आणि कर्जाविषयी, कारण ते मी फेडते आहे. १ जुलै २०२६ पासून वैद्यकीयसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या नव्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० एवढेच मिळेल. आधी ग्रॅड प्लस या सरकारी कर्जातून पूर्ण खर्चापर्यंत उचलता येत असे, ती योजना नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद होत आहे. अनेक खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचा चार वर्षांचा एकूण खर्च ३ लाखांच्या पुढे जातो. मधली रक्कम कुठून आणणार? बँकेच्या खासगी कर्जातून, ज्याला जामीनदार लागतो आणि जो बहुधा तुम्ही किंवा काका असाल. तुमच्या मुलीच्या पिढीला पदवीच्या वेळी वाचवलेल्या प्रत्येक डॉलरची किंमत माझ्यापेक्षा जास्त आहे. मला आज निवड करायची असती तर मी यूआयसी घेतले असते. माझे विद्यापीठ मला फार आवडत होते, तरीही.

जोगळेकर_ओहायो

वरचे सगळे वाचले. थोडा विरोधी सूर लावतो.

आपण सगळे मध्यमवर्गीय मराठी लोक हिशेब मांडताना ‘घरून ये-जा’ हा पर्याय फुकटात धरतो. तो फुकट नसतो. माझ्या थोरल्या मुलाने घरून ये-जा करून सरकारी विद्यापीठात शिक्षण घेतले. तास संपला की गाडीत बसून घरी, मित्र जुन्या हायस्कूलचेच, प्राध्यापकांशी ओळख नाही, आणि रसायनशास्त्रात अडखळला तेव्हा कोणाकडे जायचे हेही त्याला कळले नाही. पदवीला एक वर्ष जास्त लागले. त्या जादा वर्षाचे शुल्क आणि एका वर्षाचा न मिळालेला पगार धरला, तर आम्ही वाचवलेल्या पैशांतले बरेचसे गेले. धाकटीला आम्ही लहान खासगी कॉलेजात पाठवले आणि तिचे चार वर्षांत सुरळीत झाले.

मृण्मयीताई, कॉलेज स्कोअरकार्ड हे सरकारी संकेतस्थळ आहे, त्यावर दोन्ही विद्यापीठांतून पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण पाहा. लोयोलाचे प्रमाण यूआयसीपेक्षा लक्षणीय जास्त आहे. त्याचे एक कारण असे की यूआयसीत नोकरी करून, घर सांभाळून शिकणारी मुले पुष्कळ आहेत. तुमच्या मुलीची परिस्थिती तशी नाही, हे मला मान्य आहे, म्हणून तो आकडा तिला जसाच्या तसा लावू नये. पण ती ज्या वातावरणात राहणार, ते तर तेच असेल ना? सहाध्यायी संध्याकाळी कामावर किंवा घरी निघून जात असतील तर एकत्र अभ्यास कोणाबरोबर करणार?

माझे मत असे की मुलीला यूआयसीला पाठवायचे असेल तर निदान पहिली दोन वर्षे तिथल्या वसतिगृहात ठेवा. ते पैसे वाया जात नाहीत. आणि लोयोलाला पाठवायचे असेल तर तिसऱ्या वर्षापासून विद्यापीठाच्या परिसरातल्या रॉजर्स पार्कमध्ये मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिल्यास खर्च थोडा उतरतो. हिशेबनीसांचे अंतर दोन्ही बाजूंनी थोडे थोडे कमी होत जाते.

रोहन_एनजे

हा धागा एच-४ व्हिसावरच्या (नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांसोबत आलेल्या) मुलांचे पालकही वाचत असतील, म्हणून एक सूचना. मृण्मयीताईंचे कुटुंब इथले नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावे, कारण त्यांनी फाफ्साचा उल्लेख केला आहे. एच-४ वरच्या मुलांना केंद्र सरकारची मदत आणि कर्ज दोन्ही मिळत नाहीत. सरकारी विद्यापीठात रहिवाशाचे शुल्क लागू होईल की नाही, हे प्रत्येक राज्याच्या नियमांवर अवलंबून असते. खासगी विद्यापीठात मात्र रहिवासी आणि बाहेरचा असा शुल्काचा भेदच नसल्यामुळे, रहिवाशाचे शुल्क नाकारले गेल्यास हे सगळे गणित उलटू शकते. तुमच्या राज्याचा नियम विद्यापीठाकडून लेखी घ्या, मंडळातल्या कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका.

मृण्मयी_के

सर्वांचे मनापासून आभार. अदिती, तुझे लिहिणे मी मुलीला वाचायला दिले. वडिलांच्या हिशेबापेक्षा तिने ते जास्त गंभीरपणे घेतले.

आम्ही लोयोलाच्या कार्यालयाशी बोललो. शिष्यवृत्ती आठ सत्रांसाठी आहे, पूर्णवेळ शिक्षण आणि ठरावीक सरासरी गुण राखण्याची अट आहे. प्री-मेडच्या मुलांचे गुण पहिल्या वर्षी घसरतात असे ऐकले असल्यामुळे ही अट मला थोडी बोचली. जोगळेकरांच्या मुद्द्यावर घरात बरीच चर्चा झाली. नेपरव्हिलहून मेट्राची बीएनएसएफ गाडी युनियन स्टेशनला जाते आणि जवळच्या क्लिंटनहून ब्लू लाइनने यूआयसी एकच थांबा आहे, म्हणून ह्यांना ये-जा सहज वाटत होती. आता वसतिगृहाला तेही तयार आहेत. मुलीने असे सांगितले आहे की वसतिगृह मिळणार असेल तर ती यूआयसीचा विचार करेल, घरून जायचे असेल तर नाही. सासूबाईंना पापडीकरांचे उत्तर वाचून दाखवले. झेवियर्सचे नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या की आमच्या गल्लीतल्या वकिलांचा मुलगा तिथेच शिकला होता. विषय तेवढ्यावर थांबला आहे.

लोयोलाला आणखी काही रक्कम मागून पाहावी का? आणि दोन्हीकडे अनामत भरून ठेवली तर चालते का?

हिशेबनीस

मागून जरूर पाहा, पण काय मागायचे ते नीट ठरवा. यूआयसीचे पत्र दाखवून ‘तेवढ्यात द्या’ असे म्हटल्याने फारसे साधत नाही, कारण राज्याच्या शुल्काशी बरोबरी करणे त्यांच्या हातात नसते. त्यांच्यासारख्याच दुसऱ्या खासगी विद्यापीठाने जास्त देऊ केले असेल तर ते पत्र उपयोगी पडते. किंवा फाफ्सा भरल्यानंतर घरच्या परिस्थितीत बदल झाला असेल, म्हणजे नोकरी गेली, मोठा वैद्यकीय खर्च आला, आईवडिलांची जबाबदारी अंगावर पडली, तर कागदपत्रांसह फेरविचाराचा अर्ज करता येतो. तुमच्याकडे यांपैकी काही नसेल तर एक साधे, सभ्य पत्र मुलीने स्वतःच्या नावाने लिहावे आणि वाढीव दोन-तीन हजारांपलीकडे अपेक्षा ठेवू नये. त्याने निर्णय बदलणार नाही, हे गृहीत धरा.

गुणांच्या अटीबाबत एक प्रश्न लेखी विचारा: एका सत्रात सरासरी खाली गेली तर शिष्यवृत्ती लगेच थांबते, की सुधारण्यासाठी एक सत्र मिळते, आणि थांबल्यास पुन्हा सुरू होते का? २७,००० ची रक्कम एका वाईट सत्रावर अवलंबून असेल तर तुमच्या हिशेबात ती पूर्ण धरू नये.

दोन्हीकडे अनामत भरणे योग्य नाही. अर्जावर सही करताना एकाच ठिकाणी प्रवेश निश्चित करीन असे विद्यार्थी मान्य करतो, आणि उघडकीस आल्यास दोन्ही जागा धोक्यात येऊ शकतात. प्रतीक्षा यादीतली जागा हा त्याला अपवाद, पण ते तुमच्याबाबतीत नाही.

बाकी घाई आहे ती वसतिगृहाची. मुलीची अट तीच असल्यामुळे यूआयसीच्या वसतिगृह कार्यालयाला उद्याच विचारा की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जागेची हमी आहे का, अर्जाची शेवटची तारीख कोणती, आणि मधल्या काळात सोडल्यास किती रक्कम परत मिळते. प्रवेशाची अनामत आणि वसतिगृहाचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली भरली म्हणजे दुसरी झाली असे समजून पुष्कळ पालक जूनपर्यंत थांबतात, आणि मग उरल्यासुरल्या खोल्यांत समाधान मानावे लागते.